परिषदेचा पूर्वरंग

जळगावच्या पश्चिमेस वसलेला आणि आता त्या शहराच्या महानगरपालिकेत सामावलेला पिंप्राळा आषाढी एकादशीच्या रथोत्सवामुळे खानदेशात सर्वपरिचित आहे. परंतु त्याच्या बाजूने धुळ्याकडे जाणारा हमरस्ता दोन विद्यास्थानांना जोडतो, आणि त्यांच्या परस्परसंबंधाचा विचार येथे करावयाचा आहे. गिरणा ओलांडली की बांभोरीस, १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेले आणि आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणारे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ लागते. पुढे धुळ्यास, इतिहासाचार्य राजवाड्यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवल्यावर १९२७ साली त्यांच्या नावे उभे राहिलेले संशोधन मंडळ आहे. एकीकडे संगणकशास्त्राचे अध्यापन, दुसरीकडे जुन्या कागदांची दप्तरे. या दोहोंना सांधणारे शास्त्र म्हणजे आकृतिबंध-अभिज्ञान, ज्याला व्यवहारात पॅटर्न रेकग्निशन म्हणतात.

या शास्त्राचा पाया आपल्या देशात संगणकाच्या आगमनापूर्वीच पडला. माणसांच्या देहमापांवरून दोन समूहांतील साम्य-भेद नेमका मोजता यावा म्हणून प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली मांडलेले अंतराचे गणित यंत्राला वर्गीकरण शिकविताना आजही कामी येते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक संगणकाच्या उभारणीचे नेतृत्व करणाऱ्या रंगस्वामी नरसिंहन यांनी पुढे इलिनॉय विद्यापीठात, सूक्ष्म कणांच्या मार्गांची छायाचित्रे यंत्राने वाचावीत या खटपटीतून, वाक्याप्रमाणे चित्राचेही व्याकरण मांडता येते हा विचार प्रतिष्ठित केला. आणि कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा यांनी १९७३ च्या आपल्या प्रबंधात तीच व्याकरणदृष्टी देवनागरी अक्षरांच्या ओळखीसाठी योजिली.

त्याच १९७३ साली वॉशिंग्टन येथे या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, १९७८ साली जागतिक संघटना औपचारिकपणे स्थापन झाली, आणि ही परिषद भारतभूमीवर, कोलकात्यास, यावयास डिसेंबर २०२४ उजाडले. मराठी मुलुख मात्र तोवर स्वस्थ बसला नव्हता. प्रतिमासंस्करण आणि आकृतिबंध-अभिज्ञान यांवरील एक परिषद डिसेंबर २०१८ मध्ये सोलापूरला आणि जानेवारी २०२० मध्ये औरंगाबादला भरून गेली होती.

अशा परिषदांत मुख्य निबंधवाचनाच्या आगेमागे, बहुधा आधी, ट्यूटोरियल ठेवण्याची प्रथा आहे. कीर्तनात पूर्वरंगात सिद्धान्त समजावल्यावाचून उत्तररंगातील आख्यान मनात उतरत नाही, तेच स्थान परिषदेत या पाठाचे. त्यासाठी काही महिने आधी, ठरल्या मुदतीत, अर्ज करावा लागतो. आणि त्या अर्जाचा मसुदा हीच शिक्षकाची खरी परीक्षा असते. विषय कोणता आणि तो आजच का, श्रोत्यास आधी काय यावयास हवे, अर्ध्या दिवसाच्या अवधीत कोणत्या भागास किती वेळ, शिकविणारे कोण व त्यांचा अधिकार काय, हाती कोणती टिपणे आणि उदाहरणे देणार, हे सारे त्यात लिहून द्यावे लागते. जे आपण सवयीने करतो ते क्रमाने सांगता येते की नाही, हे तेथेच कळते.

खानदेशाने मांडावा असा विषय मोडी लिपीचा आहे. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढून घेई, आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफीत जाई. शब्दाशब्दांत अंतर नाही, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. छापील देवनागरी वाचताना यंत्र शिरोरेषा पुसते आणि अक्षरे बव्हंशी सुटी होतात. मोडीत रेषा पुसली तरी अक्षरांची वेणी तशीच राहते. ही वेणी राजवाडे सोडवीत, आणि १८९८ पासून प्रसिद्ध होऊ लागलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड हे त्या नजरेचे फळ होय. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी तहसील कचेऱ्यांतील जुनी दप्तरे सोडावी लागली, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची निकड शासनासही भासली. २०२५ साली रुरकीच्या आयआयटीतील संशोधकांनी दोन हजारांहून अधिक मोडी प्रतिमा देवनागरी लिप्यंतरासह सिद्ध करून यंत्राच्या शिक्षणाची सोय केली.

परंतु यंत्राला शिकविणाऱ्यानेही आधी कोणाजवळ तरी शिकावयास हवे. म्हणून असा पाठ दोघांनी मिळून द्यावा: प्रथम मोडीवाचकाने एक अस्सल पृष्ठ ओळीओळीने वाचून दाखवावे, कोणते वळण कोणत्या अक्षराचे आणि संशय पडल्यास संदर्भाने निर्णय कसा होतो ते सांगावे, नंतर संगणकाच्या अध्यापकाने तेच पृष्ठ यंत्रापुढे ठेवून ते कोठे अडखळते ते दाखवावे. धुळ्याचे दप्तर आणि बांभोरीची प्रयोगशाळा एका दिवसाच्या वाटेवर असताना हा अर्ज दूरच्या कोणी करावा याची वाट पाहणे आपल्याला शोभणारे नाही. वाचकाची नजर त्याच्याबरोबर जाते, तिचा पाठ लिहून ठेवला तरच मागे उरतो. आणि तो लिहावयास भाग पाडणारी प्रथा म्हणून या अर्जाचे मोल मी परिषदेतील कोणत्याही निबंधाहून कमी मानीत नाही.