स्नूकरची पहिली व्यावसायिक अजिंक्यपद-स्पर्धा : साधनांचा विचार

स्नूकर ह्या खेळाच्या पहिल्या व्यावसायिक अजिंक्यपदाची हकीकत सांगण्यापूर्वीं त्याच्या उगमाचा पुरावा तपासणें आम्हांस अवश्य वाटतें; कारण तो उगम विलायतेंत नसून हिंदुस्थानांत, आणि तोहि इ. स. १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखालीं असलेल्या जबलपुरांत सांपडतो.

१८७५ च्या पावसाळ्यांत तेथील छावणींत नेव्हिल चेंबरलेन नांवाच्या तरुण लष्करी अंमलदारानें बिलियर्डच्या मेजावर रंगीत चेंडू वाढवून हा नवा डाव बसविला, असें सांगतात. पुढें इंग्लंडचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे. वुलिच येथील लष्करी विद्यालयांत नवशिक्या विद्यार्थ्यास 'स्नूकर' म्हणत. तेंच नांव डावास पडलें. १८८२ मध्यें उटकमंडच्या क्लबांत ह्या खेळाचे नियम लिहून लावण्यांत आले. परंतु ह्या कथेचा मुख्य आधार म्हणजे खुद्द चेंबरलेनचें १९३८ सालीं 'दि फील्ड' पत्रांत छापलेलें पत्र. म्हणजे प्रसंग व लेख ह्यांमध्यें ६३ वर्षांचें अंतर! बखर आणि समकालीन कागद ह्यांतील भेद जाणणाऱ्या वाचकांस ह्याचें मोल किती धरावें हें निराळें सांगावयास नको. कर्त्याचा स्वतःचा जबाब म्हणून तो ग्राह्य आहे. पण स्मरणावर रचलेला असल्यामुळें तपशिलाविषयीं सावधगिरी ठेवावी, असें आमचें मत आहे.

१९२७ च्या स्पर्धेचा पुरावा मात्र समकालीन आहे. १९२४ सालीं टॉम डेनिस ह्या खेळाडूनें बिलियर्डच्या नियामक मंडळाकडे अशा स्पर्धेची मागणी केली असतां, हा खेळ प्रेक्षकांस खिळवील कीं नाहीं अशी शंका घेऊन ती नाकारण्यांत आली. पुढें जो डेव्हिस ह्याच्या खटपटीनें मान्यता मिळाली. १९२६ च्या नोव्हेंबरांत सामने सुरू झाले; १० खेळाडू उतरले. अखेरचा सामना मे १९२७ मध्यें बर्मिंगहॅमच्या कॅमकिन्स हॉलमध्यें झाला व डेव्हिसनें त्याच डेनिसचा २० विरुद्ध ११ डावांनीं पराभव केला. विजेत्याच्या हातीं अवघे ६ पौंड १० शिलिंग आले. प्रवेश-वर्गणीचा निम्मा भाग चषकाच्या खरेदींत गेला होता. डेव्हिसनें १९४६ पर्यंत तें पद १५ वेळां मिळविलें.

येथें कोल्हापूरचें उदाहरण आठवतें. राजर्षि शाहू छत्रपतींनीं मल्लविद्येस राजाश्रय दिला व खासबागेचें मैदान बांधविलें. तेथें खेळ राजाच्या औदार्यावर वाढला. बर्मिंगहॅमास खेळाडूंनीं आपल्याच वर्गणीनें चषक घेतला. राजाश्रयाचा खर्च दफ्तरांत नोंदला जातो. खेळाडूंच्या वर्गणीचा हिशेब घरोघरच्या चिटोऱ्यांतच राहतो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, जुन्या संस्थानांतील क्लब, छावण्या व तालमी ह्यांच्या नियमांच्या पाट्या, वर्गणीच्या वह्या व सामन्यांचीं आमंत्रणें रद्दी समजून टाकूं नयेत. जबलपूरच्या त्या पावसाळ्यांतील गुणांची एखादी चिठी हातीं असती, तर ६३ वर्षांनंतरच्या आठवणीवर विसंबावें लागलें नसतें.