थंडी कोरडी, थंडी ओली

इंग्रजीत ‘चिलब्लेन’ असा एक जुना शब्द आहे. चिल म्हणजे गारठा, ब्लेन म्हणजे फोड. मराठीत त्याला घरगुती शब्द नाही. आपल्याकडे ओठ फुटतात, अंग उलते, टाचांना भेगा पडतात, पावसाळ्यात पायाला चिखल्या होतात. पण थंडीने बोटे लालजांभळी होऊन सुजली, त्यांना खाज आणि आग सुटली, तर त्या दुखण्याला आपल्याकडे नावच नाही. असे का?

नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातले हिवरे बाजार घ्या. वर्षाला सरासरी सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस. हिवाळ्यातल्या काही रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो, पण दुपारी चांगले ऊन असते आणि हवा कोरडी. ही हवा त्वचेतले पाणी ओढून घेते, म्हणून भेगा पडतात. कोकणात त्यांवर कोकमाचे तेल लावतात, ते उरलेले पाणी अडवते. चिलब्लेनला मात्र ओला गारठा लागतो, शून्याच्या वरचा आणि दिवसेंदिवस टिकणारा. इंग्लंडमधल्या जुन्या घरांत तो भरपूर होता. भिंती ओलसर, शेगडी एकाच खोलीत.

गारठ्यात त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. बोट एकदम शेकले की रक्ताचा लोंढा येतो, वाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि सूज येते. म्हणजे आराम वाटावा म्हणून विस्तवाशी धरलेले पाऊलच अधिक दुखावते! १९३० साली थॉमस लुईस यांनी बर्फाच्या पाण्यात बोट बुडवून दाखवले की काही मिनिटांनी आकसलेल्या वाहिन्या आपोआप उघडतात, पुन्हा मिटतात, पुन्हा उघडतात. शरीर बोट वाचवायला धडपडत असते.

ओल्या थंडीची मोठी किंमत पहिल्या महायुद्धात मोजावी लागली. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्समधल्या चिखलाच्या खंदकांत भारतीय सैनिकही होते, त्यांत खडकीच्या सॅपर्सच्या तुकड्या होत्या. त्या हिवाळ्यात ब्रिटिश सैन्यात पाय सुजून बधिर झालेल्यांची संख्या सुमारे २०,००० वर गेली. सुरुवातीला डॉक्टरांनी याला हिमदंश म्हटले. वास्तविक पाणी गोठेल इतकी थंडी लागतच नव्हती. ओले मोजे, घट्ट बूट आणि तासन्‌तास उभे राहणे एवढे पुरेसे होते. निदान बदलल्यावर उपायही बदलला. कोरडे मोजे, तेल आणि रोज पायांची तपासणी. ही तपासणी अधिकाऱ्यांवर सक्तीची होती, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते.

आता पुन्हा हिवरे बाजारला येऊ. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे पाणलोटाची कामे झाली, विहिरींना पाणी आले, रब्बीची पिके वाढली. जिथे रब्बी भिजते तिथे कोणीतरी दारे धरतो, आणि शेतीपंपाची वीज पाळीने येत असल्याने ते काम कधी ऐन थंडीच्या रात्री येते. कोरड्या मुलखातल्या माणसाच्या पायांना त्या वेळी ओली थंडी भेटते. विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट लागते, त्यामुळे वाफ्यात उभे असताना फारसे जाणवत नाही. झोंबतो तो बांधावर आल्यावर लागणारा वारा.

सकाळी दवातून ओल्या पायांनी वर्गात येणाऱ्या मुलांचेही असेच होते. त्यांचे पाय आधी कोरडे पुसावेत, मग उन्हात बसवावे. शेकोटी दूरच बरी. एखाद्याचे बोट बधिर, पांढरे पडले किंवा फुटले, तर त्याला डॉक्टरकडे न्यावे. आणि घरात मधुमेही आजोबा असतील तर मुलांना सांगा की त्यांच्या पायांना चटका कळत नाही, शेकोटीपाशी लक्ष ठेवा.