प्लॅस्टिक आणि बहुवारिक : दोन संज्ञांचा इतिहास

दैनंदिन व्यवहारात ‘प्लॅस्टिक’ आणि ‘पॉलिमर’ हे शब्द सर्रास समानार्थी म्हणून वापरले जातात. इतिहासाच्या अंगाने पाहता मात्र या दोन संज्ञांचे जन्मस्थान एक नाही. प्लॅस्टिक हा कारखान्यातला शब्द. त्यातून पदार्थाचा गुणधर्म, म्हणजे हवा तो आकार घेण्याची क्षमता, सूचित होते. पॉलिमर, म्हणजेच मराठी परिभाषेतील ‘बहुवारिक’, हा प्रयोगशाळेतला शब्द असून तो पदार्थाच्या रेणूंची रचना सांगतो. लहान रेणू साखळीच्या कड्यांप्रमाणे एकमेकांस जोडले जाऊन बनलेला अतिदीर्घ रेणू म्हणजे बहुवारिक. या अर्थाने कापूस, रेशीम, लोकर आणि तांदळातील स्टार्च ही सर्व बहुवारिके होत. त्यांपैकी एकासही कोणी प्लॅस्टिक म्हणत नाही.

‘पॉलिमर’ या शब्दाचा मूळ अर्थही आजचा नव्हता. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३३ मध्ये तो वापरला, तेव्हा घटक मूलद्रव्यांचे प्रमाण सारखे, परंतु अणूंची संख्या निरनिराळी, अशा संयुगांचा परस्परसंबंध दर्शविणे एवढाच त्यांचा हेतू होता. दीर्घ साखळीची कल्पना त्यात नव्हती.

कारखानदारांनी या कल्पनेची वाट पाहिली नाही. बर्मिंगहॅमच्या अलेक्झांडर पार्क्स यांनी १८६२ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ‘पार्कसाइन’ हा नवा पदार्थ मांडला. त्याचा आधार नायट्रोसेल्युलोज हा होता. अमेरिकेत जॉन वेस्ली हयात यांनी हस्तिदंती बिलियर्ड चेंडूंना पर्याय शोधताना त्याच द्रव्यात कापूर मिसळला आणि १८७० मध्ये सेल्युलॉइडचे पेटंट घेतले. प्लॅस्टिक व बहुवारिक यांतील भेद समजून घेण्यास याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. नायट्रोसेल्युलोज हे बहुवारिक. त्यात नायट्रोजनाचे प्रमाण अधिक असेल तर ते ‘गनकॉटन’ नावाचे स्फोटक होते. प्रमाण थोडे कमी ठेवून कापूर मिसळला की त्याच द्रव्याच्या कॉलरी, कंगवे व चित्रपटाच्या फिती तयार होतात. प्लॅस्टिक घडते ते असे : बहुवारिक अधिक त्यात घातलेली मऊपणा आणणारी द्रव्ये, भरणद्रव्ये, रंग इत्यादी. अर्थात मूळ बहुवारिकाचा ज्वलनशील स्वभाव कापराने पालटत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या मराठी-हिंदी चित्रपटांच्या नायट्रेट फिती नष्ट झाल्या, ही हानी भरून न येणारी आहे.

पुढचा टप्पा भारताशी अप्रत्यक्षपणे जोडलेला आहे. विजेच्या उपकरणांना निरोधक म्हणून लागणारी चपडा लाख प्रामुख्याने भारतातून जात असे. पळस, बोर, कुसुम या झाडांवरील किड्यांपासून मिळणाऱ्या या द्रव्याचा पुरवठा मर्यादित आणि मागणी वाढती. त्यास पर्याय शोधणाऱ्या लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये फिनॉल व फॉर्मल्डिहाइड यांपासून बेकेलाइट तयार केले. निसर्गातील कोणतेही बहुवारिक आधारास न घेता पूर्णतः संश्लेषणाने झालेले हे पहिले प्लॅस्टिक होय. त्यातही लाकडाचा भुसा किंवा ॲस्बेस्टॉस मिसळावे लागे. तथापि या पदार्थाचा रेणू नेमका केवढा, याचे समाधानकारक उत्तर तोवर रसायनशास्त्राजवळ नव्हते.

ते उत्तर हर्मान स्टॉडिंगर यांनी दिले आणि त्यासाठी त्यांना बराच विरोध सोसावा लागला. रबर, सेल्युलोज इत्यादी पदार्थ म्हणजे लहान रेणूंचे सैल पुंजके होत, असे तत्कालीन बहुसंख्य रसायनशास्त्रज्ञ मानीत. १९२० च्या शोधनिबंधात स्टॉडिंगर यांनी त्याऐवजी नेहमीच्याच रासायनिक बंधांनी जोडलेल्या दीर्घ साखळ्यांची कल्पना मांडली. केवळ मांडून ते थांबले नाहीत. रबरातील दुहेरी बंध हे पुंजक्याचे कारण असेल, तर हायड्रोजनच्या साहाय्याने ते नाहीसे केल्यावर पुंजका विस्कटून सहज बाष्प होणारे लहान रेणू मिळावयास हवेत. तसे झाले नाही. हायड्रोजनयुक्त रबरही बाष्प न होता मूळ रबरासारखेच वागले. १९२२ मध्ये त्यांनी ‘महारेणू’ या अर्थाची संज्ञा योजली. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५३ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. सिद्धान्त मान्य होण्यास लागलेला काळ पाहता हा गौरव उशिराच झाला, असे म्हणावे लागते.

त्यानंतर कारखाना प्रयोगशाळेच्या मागून चालू लागला. ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांनी परिचित अभिक्रियांद्वारे एकेक कडी जोडून साखळ्या बांधल्या व १९३५ मध्ये नायलॉन सिद्ध केले. अपवाद पॉलिथिनचा : इंग्लंडमधील आय.सी.आय. कंपनीत १९३३ मध्ये उच्च दाबाखालील एका फसलेल्या प्रयोगात भांड्याच्या तळाशी पांढरा मेणचट पदार्थ उरला, तेच पॉलिथिन.

नायलॉनपासून भेदाची दुसरी बाजू दिसते. एकाच बहुवारिकाचा धागा ओढला तर ते वस्त्र, साच्यात ओतले तर ते प्लॅस्टिक. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड व डिक्सन यांनी शोधलेले पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट हे तर पॉलिएस्टर साडीतही असते आणि पाण्याच्या बाटलीतही. भारताच्या २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत प्लॅस्टिकची व्याख्या ‘उच्च बहुवारिक हा ज्याचा आवश्यक घटक आहे असा पदार्थ’ या आशयाची असून उदाहरणांत पहिलेच नाव या द्रव्याचे आहे. महाराष्ट्र शासनाच्या मार्च २०१८ च्या अधिसूचनेने निर्बंध आणले ते प्लॅस्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर. बाटली त्या कक्षेत आली. साडी कापडाच्या दुकानात कापड म्हणूनच विकली जात राहिली, जरी धुताना तिच्यातून सुटणारे सूक्ष्म तंतू त्याच द्रव्याचे असतात.