हलके क्रीडा विमान (अमेरिका)

हलके क्रीडा विमान किंवा लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट हा अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने २००४ मध्ये निर्माण केलेला लहान विमानांचा वर्ग आहे. मूळ नियमांनुसार अशा विमानात जास्तीत जास्त दोन आसने व एकच इंजिन असे. उड्डाणसमयीचे कमाल वजन ६०० किलो (पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी ६५० किलो) आणि कमाल वेग १२० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२२ किलोमीटर असे. वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजी मोटारचालक परवान्यावर ही विमाने चालवता येतात, हे त्यांच्या लोकप्रियतेचे मोठे कारण होय. मात्र वैद्यकीय प्रमाणपत्रासाठीचा शेवटचा अर्ज फेटाळला गेला असल्यास ही सवलत मिळत नाही.

जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनी वजनाची ठरीव मर्यादा काढून टाकली. तरीही आधी बांधलेल्या विमानांचे मंजूर वजन त्यामुळे आपोआप वाढत नाही.

== निवड ==
खरेदीदाराने वेगापेक्षा वजनाचा हिशेब आधी करावा. सेसना १६२ स्कायकॅचर या विमानाचे रिकामे वजन सुमारे ३७८ किलो आहे. टाक्या पूर्ण भरल्यास इंधनाचे सुमारे ६५ किलो होतात. उरलेल्या १५६ किलोंत दोन माणसे आणि त्यांचे सामान बसवावे लागते. धिप्पाड प्रशिक्षक व तसाच विद्यार्थी असेल, तर इंधन कमी घेण्यावाचून गत्यंतर नाही. जाहिरातीतील रिकाम्या वजनावर विसंबू नये. त्या विशिष्ट विमानाची वजनाची नोंद पाहावी, कारण नंतर बसवलेली उपकरणे, रंग आणि गाद्या यांनी ते वाढलेले असते.

उत्पादक व्यवसायात आहे की नाही, हा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. कारखान्यात पूर्ण बांधलेल्या विमानात साधा रेडिओ बदलायचा तरी सामान्यतः उत्पादकाची लेखी अनुमती लागते. उत्पादकच नाहीसा झाला, तर विमान प्रायोगिक वर्गात नेण्याचा मार्ग उरतो. पण मग ते प्रशिक्षणासाठी भाड्याने देता येत नाही. नाव मोठे असले म्हणजे निर्धास्त राहावे असेही नाही. सेसनासारख्या कंपनीनेही स्कायकॅचरचे उत्पादन काही वर्षांतच थांबवले.

== विमा ==
खासगी मालकावर विम्याची सक्ती करणारा संघीय कायदा नाही. तथापि काही राज्ये, अनेक विमानतळ आणि कर्ज देणाऱ्या बँका तो मागतात. विम्याचे दोन मुख्य भाग असतात: विमानाचे नुकसान आणि इतरांच्या हानीचे दायित्व. दायित्वाची रक्कम दहा लाख डॉलर दिसली, तरी प्रत्येक प्रवाशासाठी एक लाखाची उपमर्यादा पुष्कळदा असते. शेजारच्या आसनावर बहुधा घरचाच माणूस असतो, हे ध्यानात घेऊन ती ओळ वाचावी.

विमानाचे मूल्य करारातच ठरते. हप्ता वाचवण्यासाठी ते कमी लिहिल्यास दुरुस्त होण्याजोगे विमानही पूर्ण नष्ट मानले जाते; कंपनी ठरलेली रक्कम देते आणि अवशेष स्वतःकडे घेते. ते फुगवून लिहिले, तर उलट अतिशय मोडलेले विमान दुरुस्त करून परत मिळते.

हप्ता ठरवताना वैमानिकाचे उड्डाणतास, विशेषतः त्याच प्रकारच्या विमानावरील, पाहिले जातात. शेपटाखाली चाक असलेली विमाने धावपट्टीवर गर्रकन फिरण्याचा धोका असल्याने नवख्याला महाग पडतात. म्हणून विमान पसंत करण्यापूर्वीच विम्याचा दर विचारून घेणे इष्ट. करारात नाव नसलेल्या आणि त्यातील अटी न पुरवणाऱ्या मित्राच्या हाती विमान दिल्यास, किंवा वार्षिक तपासणीची मुदत टळल्यास, दावा नाकारला जाऊ शकतो.