बुऱ्हाणपूर आणि घरगुती संगणकातील जागेची टंचाई

15 ऑगस्ट 2003 रोजी खांडव्यापासून वेगळे होऊन तापीकाठचे, यंत्रमागांचे बुऱ्हाणपूर जिल्ह्याचे ठिकाण झाले, त्या सुमारास तिथल्या घरगुती संगणकाची हार्ड डिस्क, म्हणजे माहिती कायम साठवणारी तबकडी, बहुधा 40 गिगाबाइटची असे. पुसलेली फाइल विंडोज 95 पासून आलेल्या ‘रिसायकल बिन’ या कचरापेटीत पडून जागा अडवी. विंडोज 98 मधील ‘डिस्क क्लीनअप’ ती पेटी रिकामी करी आणि तात्पुरत्या फाइली, म्हणजे प्रोग्रॅमने कामापुरत्या लिहून मागे सोडलेल्या नोंदी, हुडकून काढी. खरी जागा मात्र लग्नाची चित्रफीत खाई: तासाभराच्या डीव्ही, म्हणजे डिजिटल व्हिडिओ, चित्रणाला सुमारे 13 गिगाबाइट लागत, म्हणून ते आकाराने लहान करून 700 मेगाबाइटच्या सीडीत कोंबून मूळ फाइल पुसली जाई. ही काटकसर आतबट्ट्याचीच होती, कारण सीडीवर ओरखडा उठला की संगणकात परतीला काहीच उरत नसे.