माधुरी नाचली, पण गायलं कोणी?

जानेवारी 1991. तुम्ही अंबाजोगाईच्या मंडी बाजारात, कॅसेटच्या दुकानात उभे आहात. शाळेचं गॅदरिंग तोंडावर आलंय आणि तुमच्या बहिणीला 'सैलाब' चित्रपटातलं कोळीनृत्याचं गाणं हवंय, 'हमको आजकल है इंतजार'. दुकानदार कोरी कॅसेट डेकमध्ये घालतो, दोन बटणं एकदम दाबतो. गाणं उतरलं की कॅसेटच्या चिकटपट्टीवर बॉलपेननं लिहितो: 'सैलाब, माधुरी'.

गाणारीचं नाव इथंच गळालं.

आता गॅदरिंगच्या पटांगणात चला. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. बालाघाटाच्या या डोंगरात पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी उरलेलं. तरी पोरींनी आईच्या पातळाचे काष्टे घातलेत, टोपलीत पुठ्ठ्याचे मासे ठेवलेत. सहाजणी नाचणार होत्या. दोघी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेल्या, म्हणून आता चौघीच. कर्णा खरखरतो, ढोलकं सुरू होतं, आणि ती हाक येते.

पावलांकडे बघू नका, नुसतं ऐका. आवाजात ठसका आहे, पण ओढाताण नाही. ओळ जिथं मुरकते, तिथंच पोरींची कंबर वळते. ओळ जिथं क्षणभर थांबते, तिथं पाऊल थबकतं. सरोज खान यांनी चित्रपटात नाच बसवला, तो या थांब्यांवर. चित्रहारमध्ये माधुरीचे डोळे बोलताना तुम्ही पाहिलेत, त्यांना वाचा या गळ्यानं दिली.

हा आवाज अनुपमा देशपांडे यांचा.

'सैलाब' 1990 चा, संगीत बप्पी लाहिरींचं. या नृत्यासाठी सरोज खान यांना फिल्मफेअर मिळालं, आणि ते रास्तच होतं. पण अनुपमाताई काही नवख्या नव्हत्या. 1984 च्या 'सोहनी महिवाल'मधल्या 'सोहनी चिनाब दी'साठी सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचं फिल्मफेअर त्यांच्या नावावर होतं. पंजाबी मातीतलं ते गाणं आणि ही कोळिणीची हाक, दोन्ही एकाच मराठी गळ्यातून आली. एवढी झेप असलेल्या गायिकेला आपण लता, आशा, अलका, कविता यांच्या रांगेत कधी नीट जागाच दिली नाही. विविध भारतीवर गाण्याआधी गायकाचं नाव सांगायची रीत होती. कॅसेटच्या पट्टीवर आणि स्टेजवरच्या माइकवर ती रीत सुटली, आणि आपणही चौकशी केली नाही.

परळीत, केजमध्ये, गेवराईत आजही लग्नाच्या हळदीला, शाळेच्या कार्यक्रमाला हे गाणं लागतं. पुढच्या वेळी निवेदनाची चिठ्ठी तुमच्या हातात आली, तर माधुरी आणि सरोज खान यांच्या जोडीला तिसरं नाव ठळक लिहा आणि माइकवर स्पष्ट वाचा: गायिका, अनुपमा देशपांडे.