बेलावरचा व्याध आणि मचाणाची जागा

महाशिवरात्रीला आमच्या शिवाजी पेठेत अजूनही काही घरांतून शिवलीलामृताची पोथी वाचली जाते. लहानपणी मी आजीच्या मांडीला मांडी लावून दुसरा अध्याय ऐकत असे. दिवसभर सावज न मिळालेला व्याध संध्याकाळी तळ्याकाठच्या बेलावर चढून बसतो. समोर पाने आड येतात म्हणून तो ती खुडून खाली टाकतो. ती नेमकी खालच्या शिवलिंगावर पडतात आणि नकळत त्याची पूजा घडते. आजीचा गळा इथे दाटून यायचा. मला मात्र वेगळाच प्रश्न पडायचा: हा माणूस त्याच झाडावर का चढला?

पन्नाशी ओलांडल्यावर, आमच्या भागातल्या शिकारीच्या इतिहासाची टिपणे काढता काढता, हा प्रश्न पुन्हा वर आला. श्रीधरस्वामींनी शिवलीलामृत १७१८ साली पूर्ण केले. कथा त्यांच्या कितीतरी आधीची, पुराणातली आहे. पण पुण्याचा भाग क्षणभर बाजूला ठेवून ती वाचली, तर झाडावर बसून धनुष्यबाणाने हरणाची शिकार कशी करीत, याची ती नोंदच ठरते. जागा पाण्याजवळची. बसायची वेळ दिवस मावळण्याची, म्हणजे जनावर पाण्यावर येण्याआधीची. बाण जायची वाट पानाफांद्यांतून मोकळी करायची, आणि मग रात्रीचे प्रहर न हलता काढायचे. पाने खुडणे हा भक्तीला अपघात वाटतो. शिकाऱ्याला तो कामाचा भाग आहे. गोळी पानातून पार होते, बाणाला मात्र एक डहाळी लागली तरी तो वाट सोडतो.

राधानगरी तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या धनगराला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तो मनापासून हसला. ‘‘बेलाला काटं असत्यात की वो! त्येच्यावर रातभर कोन बसंल?’’ मुद्दा बिनतोड होता. शिवाला बेल हवा म्हणून कथाकाराने व्याधाला काट्यांत बसवले. बाकीचा तपशील मात्र त्याला कुणा जाणत्याकडून मिळाला असावा, असे माझे मत आहे.

दशरथाची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहावी. तोही रात्री शरयूकाठी जनावर पाण्यावर येण्याची वाट पाहत होता. पण त्याने पाहिले नाही, घडा भरल्याचा आवाज ऐकून बाण सोडला आणि श्रावणबाळ गेला. आपण त्यात शाप आणि नियती पाहतो. शिकाऱ्यांच्या जगात ती आधी एक चूक आहे: दिसल्याशिवाय बाण सोडायचा नाही. व्याधाने पाने खुडली, दशरथाने शब्दवेधावर भरवसा ठेवला. दोन कथांतले हे अंतर मला फार बोलके वाटते.

लेखी पुरावा याहून जुना आहे. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या मेगॅस्थेनीसचे मूळ पुस्तक हरवले, पण स्ट्रॅबोने त्यातून घेतलेल्या मजकुरात राजाच्या शिकारीचे वर्णन सापडते. कुंपण घातलेल्या रानात राजा मंचावरून बाण सोडतो, जवळ दोन-तीन शस्त्रधारी स्त्रिया उभ्या असतात. मोकळ्या रानात तो हत्तीवरून शिकार करतो. म्हणजे मंचावरून बाणाची शिकार निदान सव्वादोन हजार वर्षांची जुनी. आपला ‘मचाण’ हा शब्द त्या ‘मंचा’च्याच कुळातला. आमच्याकडे शेतकरी मात्र ‘माळा’ म्हणतो. जोंधळा हुरड्यात आला की पाखरे हाकायला आणि डुकरे राखायला शेतात माळा घालतात, गोफण घेऊन त्यावर जागल करतात. शिकारीचे मचाण आणि राखणीचा माळा ही एकाच घरातली भावंडे आहेत, असे मी धरून चालतो.

मग ‘मानसोल्लास’. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ साली रचलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादित केला. त्याचा पहिला खंड १९२५ साली निघाला. त्या काळी कोल्हापूर-पन्हाळ्यावर शिलाहार होते आणि ते चालुक्यांचे मांडलिक, तेव्हा हा ग्रंथ आपल्याला परका नाही. राजाच्या विनोदांत म्हणजे करमणुकीत मृगया येते, आणि तिथे हरणाच्या शिकारीचे अनेक प्रकार दिले आहेत. पाळलेले हरीण आमिष म्हणून वापरून रानातली हरणे जवळ आणण्याचाही त्यांत समावेश आहे. राजाने स्वतः लिहिले असे आपण म्हणतो. पण हरणाच्या सवयींची ही बारीक माहिती राजवाड्यात बसून मिळणारी नव्हे.

इथून माझा खरा विषय सुरू होतो. झाड निवडायचे कसे, आणि ते कोण निवडत होते?

राधानगरी-दाजीपूरचे रान हे कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारीचे रान. १९५८ साली तिथे गव्यांचे अभयारण्य झाले. सांबर, भेकर, पिसोरी ही तिथली हरणवर्गी जनावरे. सांबर दिवसा दाट झाडीत बसते आणि अंधार पडू लागला की उतरते. त्याची नजर ठीक, कान चांगले, पण खरा पहारेकरी म्हणजे नाक. मचाण उंच बांधतात ते जनावर सहसा वर पाहत नाही म्हणून, आणि माणसाचा वास काही अंशी त्याच्या डोक्यावरून जावा म्हणूनही. तरी उंचीवर फार विसंबता येत नाही. डोंगरात वारा दिवसातून दोनदा दिशा बदलतो. ऊन चढले की तापलेली हवा दरीतून वर सरकते. दिवस मावळला की गार झालेली हवा उतारावरून ओढ्याकडे पाझरू लागते. सांबर संध्याकाळी वरून खाली पाण्यावर येते आणि पहाटे खालून वर परतते. तेव्हा संध्याकाळी बसायचे झाड वाटेच्या खालच्या अंगाला हवे आणि सकाळचे वरच्या अंगाला. एकच झाड दोन्ही वेळांना चालत नाही. साहेबांच्या शिकारकथांत रायफलींची वर्णने पानेच्या पाने भरतात. वाऱ्याचा हा हिशोब मात्र मला त्यांत फार क्वचित सापडला.

बंदुकीचे मचाण लांब असले तरी निभते. तिरंदाजाला जनावर वीस-पंचवीस पावलांत यावे लागते, म्हणून त्याचे गणित कडक. झाड पायवाटेला लागून, पण वाटेवर नको. पाठीशी जाड बुंधा हवा, म्हणजे आभाळावर माणसाची आकृती उठत नाही. उजव्या हाताच्या तिरंदाजाला डावीकडे वळणे सोपे, म्हणून वाट डाव्या अंगाने जावी. दोरी कानापर्यंत ओढताना कोपर फांदीला लागता कामा नये. फार उंच गेले तर बाण वरून खाली असा तिरका जातो की काळीज-फुप्फुसाची जागा अरुंद होते, आणि जखमी जनावर रात्रभर रान तुडवत मरते. चांदण्या रात्री मचाणाची सावली वाटेवर पडणार नाही हेही पाहायचे. फांद्या तोडायच्या त्या कितीतरी दिवस आधी, कारण ताज्या घावाचा पांढरा रंग आणि चिकाचा वास दोन्ही चुगली करतात.

आमच्या पूर्वेकडच्या माळावर झाडच नाही. तिथे काळविटांची शिकार चित्त्याकडून करवीत. आपल्याकडचा चित्ता संपत आला तेव्हा कोल्हापूर दरबाराने आफ्रिकेतून चित्ते आणवले. डोळ्यांवर टोपरे घातलेला चित्ता बैलगाडीतून कळपाजवळ नेत, कारण शेतकऱ्याच्या गाडीला काळवीट बुजत नसे. चित्ता बसवलेली ती गाडी म्हणजे माळावरचे फिरते मचाणच.

चित्त्यांसोबतच्या छायाचित्रांत राजे, पाहुणे आणि बाजूला दोरी धरलेली माणसे असतात. राजांची नावे खाली छापलेली असतात. दोरी धरणाऱ्यांची नसतात. मचाणाच्या बाबतीत तर ही माणसे चित्रातही येत नाहीत. मचाणावर बसलेला दिसतो, झाड दाखवणारा दिसत नाही. तो बहुधा धनगर, गवळी किंवा पारधी असणार. फासेपारध्यांची तर उपजीविकाच हरणाची वाट ओळखून तिथे फास मांडण्यावर. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यात आला आणि फासेपारधी त्याच्या यादीत गेले. रानात दबा धरून बसणे ही साहेबासाठी शिकार, पारध्यासाठी संशय. शाहू महाराजांनी १९१८ साली गुन्हेगार ठरवलेल्या जातींवरची हजेरी बंद केली, फासेपारध्यांना पहाऱ्याची आणि कष्टाची कामे दिली. देशभरचा तो कायदा मात्र १९५२ साली गेला. योगायोग असा की भारतातून चित्ता संपल्याचे जाहीर झाले तेही १९५२ सालीच.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा विषय संपला आणि ते योग्यच झाले. मचाण मात्र उरले. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर मचाण बांधून जनावरांच्या नोंदी घेतात. एका वर्षी मीही असाच बसलो होतो. जागेवरून पाणी सुरेख दिसत होते, चांदणे लख्ख होते, आणि रात्रभरात एका सशाखेरीज काही आले नाही. मागच्या उतारावर दोनदा सांबराचा ‘पोंक्’ असा इशारा मात्र ऐकू आला. जागा निवडणाऱ्याने नजारा पाहिला होता.

पुढच्या खेपेला मी त्या धनगर म्हाताऱ्याला तिथे घेऊन गेलो. दिवस कलला होता. त्याने मचाणाकडे पाहिलेही नाही. चिलमीतली चिमूटभर राख बोटांत घेतली, खांद्याच्या उंचीवर सोडली. राख तरंगत ओढ्याकडे न जाता मागे वळली आणि मागच्या उताराकडे, सांबराच्या वाटेवर गेली. ‘‘कडा आडवा हाय नव्हं,’’ तो म्हणाला, ‘‘वारं हितं फिरतंय.’’ मग तो पाण्याच्या पलीकडे, एका वाकड्या जांभळाशी गेला, बुंध्याला पाठ लावून उभा राहिला आणि पुन्हा चिमूट सोडली.